हिरवा दिवा लागेपर्यंत

४ फेब्रुवारी

ठमे,

फोन करत नाहीये. बघ. पत्र लिहितेय, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. तू म्हणालीस, पत्र बरं, कधी उघडायचं ते माझ्या हातात राहतं, तुझा फोन वाजला की कोणीतरी दार तोडतंय असं वाटतं. बरं बाई. हे दार तुझं तू उघड. चौथीपर्यंत शाळा झालीय माझी, अक्षराला हसू नकोस आणि जावयांना वाचायला देऊ नकोस.

हलतंय का, ते मी विचारणार नाही.

तर मी ते यंत्र बघायला गेले होते. कुठलं यंत्र म्हणून विचारू नकोस, तूच बोललीस. शेवटच्या फोनला. "आई, तू एक ते ध्यानाचं यंत्र घे. दहा मिनिटं सलग हिरवा दिवा लागलेला मला दाखव आणि मगच बाळंतपणाला ये." आणि ठेवलास. तुझे बाबा म्हणाले, रागात बोलली, मनावर घेऊ नकोस. मी म्हटलं, का नाही घ्यायचं? इतके दिवस नुसतं "आई, प्लीज" आणि "आई, पुरे" चाललं होतं. त्यात माणसाने करायचं काय? आता कसं, काम सांगितलंस. काम मला समजतं.

मोठ्या रस्त्यावर चष्म्याच्या दुकानाला लागून एक दुकान आहे. पाय चोळायची मशीन, बीपी बघायची मशीन, असलं सगळं असतं तिथे. आत एक बाई. केस इस्त्री केल्यासारखे सरळ, आवाज मधात बुडवलेला. मला बसवलं, पाणी दिलं. पाणी दिलं की मी सावध होते.

"कोणासाठी हवंय मॅडम?"

"माझ्यासाठी."

"अरे वा. म्हणजे तुम्हाला मनःशांतीसाठी..."

"मला हिरवा दिवा हवाय. कुठल्याला लवकर लागतो?"

ती हसली. मी हसले नाही. मग तिने तीन वस्तू मांडल्या. एक कपाळाला बांधायचा पट्टा, एक कानाच्या पाळीला लावायचा चिमटा आणि एक पांढरा गोटा, साबणाच्या वडीएवढा. पट्टा हातात घेऊन म्हणाली, "हा तुम्हाला तुमच्या आत घेऊन जातो." मी म्हटलं, आत काय चाललंय ते मला माहिती आहे, मला बाहेर यायचंय.

तरी बांधला. कानात ते ऐकायचं बोंड घातलं. डोकं शांत असलं की पाखरं ऐकू येतात, भरकटलं की वारा सुटतो, असं तिने समजावलं. मी डोळे मिटून बसले. एक पाखरू नाही. नुसता वारा. पुढे पुढे तर असा घोंघावायला लागला की मी धरायला काहीतरी शोधत होते. ती कानाशी येऊन हळूच म्हणते, "विचार येऊ द्या मॅडम, आणि जाऊ द्या."

"येतात. जात नाहीत."

आणि हा पट्टा धुवायचा कसा, ते विचारलं. म्हणे ओल्या फडक्याने पुसायचा. कपाळाचा घाम, तेल, सगळं त्यात मुरणार आणि हे पुसणार. आयुष्य लॉन्ड्रीत गेलं माझं. जी वस्तू धुता येत नाही ती मी घरात घेत नाही.

काही न घेता आले. जावई रोज सकाळी कपाळाला काहीतरी बांधून बसतात असं तू सांगितलं होतंस. ते कुठलं? त्यांना पाखरं ऐकू येतात का? एवढंच कळव. बाकी काही कळवलं नाहीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी काही म्हणणार नाही.

तुझी आई

१० फेब्रुवारी

ठमे,

उत्तर नाही. ठीक. पत्राला वेळ लागतो. पोस्टात चौकशी केली, तो म्हणाला तीन-चार दिवसांत पोचतं. पोचलं असणार.

तीन दिवसांपूर्वी पुन्हा गेले दुकानात. लॉन्ड्रीतली जाडी बरोबर होती. तिला तू ओळखतेस, चादरीच्या घडीला माझ्यासमोर उभी असते ती. आम्ही चादरीची टोकं धरून पुढे येतो, जोडतो, मागे जातो, दिवसभर. मी तिला यंत्राचं सांगितलं तर म्हणाली, "तुला ध्यान? तू चादर ओढतेस तेव्हा माझे खांदे निखळतात." तरी आली. तिला पाय चोळायच्या मशीनवर फुकट बसायचं होतं.

कानाचा चिमटा लावून बघितला. तो फोनला जोडावा लागतो. आमचा फोन काढल्यावर मधाळ बाईचा चेहरा असा झाला, जसा कोणाच्या चादरीवर कात्रीचं भोक बघितल्यावर माझा होतो. म्हणाली, मॅडम, याच्यात हे चालणार नाही. मी म्हटलं, मग ज्याला फोन लागत नाही ते द्या. फोनमुळेच हे सगळं झालंय.

म्हणून गोटा. त्याला काही जोडायचं नाही. मुठीत धरायचा. तो फुगल्यासारखा थरथरतो तेव्हा श्वास घ्यायचा, थांबला की सोडायचा. अंगठ्याखाली तो नाडी बघतो आणि वर दिवा लावतो. लाल, पिवळा, हिरवा. गुळगुळीत आहे, पाण्याखाली धुतला तरी बिघडत नाही. तीन आठवडे घरी वापरून बघा, नाही जमलं तर परत आणा, म्हणाली. हे मला पटलं. पैसे अडकवून ठेवले तिने, पण ते सोड.

तेव्हापासून रोज बसतेय. लाल.

सकाळी बसले, लाल. लॉन्ड्रीत जेवणाच्या सुट्टीत कपड्यांच्या गाठोड्यांवर बसले, लाल. न्हाणीघरात दार लावून बसले, तुझे बाबा बाहेरून विचारतात, काय झालं? मी ओरडले, शांत बसलेय.

डोळे मिटले की काय दिसतं ते लिहू का? नको. मागच्या वर्षीचं मी काढत नाही. तू पण काढत नाहीस, तुझे बाबा पण काढत नाहीत. सातव्या महिन्यात ते बाळ गेलं, आम्ही आलो, तुझ्याजवळ बसलो आणि परत आलो. तेव्हापासून आपल्यात कोणीच ते बोललेलं नाही. मी फक्त फोन करत राहिले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, हलतंय का, हलतंय का. तू म्हणालीस, माझा फोन आला की बाळाच्या आधी तुझं काळीज हलतं. ते मला कळलं. उशिरा कळलं, पण कळलं. म्हणून तर हा गोटा.

हेवा वाटतो तुझ्या बाबांचा. परवाच, ज्या हॉटेलच्या चादरी आम्ही धुतो, तिथली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आतली माणसं दार बडवत होती, एक बाई तर किंचाळत होती. मॅनेजर बाहेरून "घाबरू नका, घाबरू नका" म्हणत होता, तसतशी ती जास्तच किंचाळत होती. तुझ्या बाबांना बोलावलं. आले, हत्यारांची पिशवी खाली ठेवली, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "आत कोण कोण आहे ते सांगा." बस. आतून उत्तरं यायला लागली. मी आहे, माझी सासू आहे, एक पावाचा ट्रे घेतलेला पोऱ्या आहे, एक छोटी मुलगी आहे. किंचाळणं बंद. मग त्यांनी सावकाश दार उघडलं. नंतर मी विचारलं, हे काय विचारता नेहमी? तर म्हणाले, "कोण कोण आहे ते बघायला लागलं की माणूस एकटा राहत नाही." असा माणूस. त्यांच्या हातात हा गोटा दिला तर लाजून हिरवा होईल.

हलतंय का ते विचारलेलं नाही, बघ.

तुझी आई

१९ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चिठ्ठीच. मला पाठ झाली. "पत्रं मिळाली. मी बरी आहे. डॉक्टर म्हणतात बाळ वजनाने थोडं कमी आहे, दर आठवड्याला बघतील. काळजी करू नकोस. यंत्राचं मी असंच बोलले होते."

थोडं कमी म्हणजे किती थोडं? मी विचारत नाहीये. मोठ्याने विचार करतेय. दर आठवड्याला बघायचं म्हणजे त्यांना काही वाटतंय म्हणूनच ना? ज्याचं काही नसतं त्याला कशाला दर आठवड्याला बघतात? आणि तू "काळजी करू नकोस" लिहिलंस, त्यातलं "करू" खोडून पुन्हा लिहिलंय. हात थरथरला का? का पेन चालत नव्हतं?

आणि असंच बोलले म्हणजे कसंच? असंच बोललीस म्हणजे यंत्राशिवाय येऊ, की यंत्र आणलं तरी येऊ नको? हे तू सांगितलं नाहीस. ज्याच्यावर सगळं अडलंय तेवढंच गाळलंस. अगदी बाबांवर गेलीस.

तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. ते भिंतीवर खिळा ठोकत होते. कशासाठी ते मला माहीत नाही, तिथे टांगायला काही नाही. ऐकलं आणि म्हणाले, "होईल सगळं नीट." आणि आणखी एक खिळा ठोकला.

मला आता बसता येत नाही गं. गोटा मुठीत धरते, तो थरथरतो, मी श्वास घेते, तो थांबतो, मी सोडायचं विसरते. काल लॉन्ड्रीत इस्त्रीच्या रोलरवर चादर लावताना माझी बाही आत जाता जाता राहिली. जाडीने लाल बटण दाबलं आणि मला ढकललं. मुकादम म्हणाला, बाई, घरी जा दोन दिवस. मी म्हटलं, घरी जाऊन काय करू, घरी गोटा आहे.

पण मी ठरवलंय. तुझी तारीख जवळ येतेय आणि माझा हिरवा काही लागत नाही. उद्या शेजारणीच्या फोनवरून तुला दोन फोटो येतील. गोटा, त्याच्यावर हिरवा दिवा, मागे भिंतीवरचं घड्याळ. एक आधीचा, एक दहा मिनिटांनंतरचा. हात दिसणार नाही. बघून घे.

तुझी आई

२२ फेब्रुवारी

ठमे,

फोटो आले नाहीत म्हणून तू सुटकेचा श्वास सोडला असशील. का नाही आले ते सांगते. सरळ सांगते, मला वळणं घेता येत नाहीत.

मी तुझ्या बाबांच्या हातात गोटा दिला. लबाडी करणार होते. त्यांचा हिरवा दिवा माझा म्हणून तुला पाठवणार होते. ते कामावरून आले, पायरीवर बसले होते. मी म्हटलं, हे जरा मुठीत धरा, मला चूल बघायचीय. ते काही विचारत नाहीत, धरला. मी शेजारणीचा फोन घेऊन आले.

लाल.

थोडा वेळ थांबले. म्हटलं, नुकते आलेत, जिने चढलेत. पाणी दिलं. लाल. माझा लाल कधीतरी पिवळ्याकडे झुकतो, मग परत येतो. यांचा हलला पण नाही. चेहरा बघावा तर नेहमीसारखा, झोप आल्यासारखा. मी म्हटलं, अहो, हे बिघडलेलं दिसतंय. ते म्हणाले, असेल. आणि परत दिला.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत नेला. जाडीला धरायला लावला. ती पाव खात होती आणि सासूला शिव्या घालत होती. दिवा हिरवागार. शिव्या वाढल्या तसा आणखी हिरवा. म्हणजे यंत्र चांगलं होतं.

मी गोटा तिच्याकडून काढून घेतला आणि पदरात बांधला.

संध्याकाळी ते पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. मी समोर उभी राहिले.

"अहो, तुमचा लाल येतो."

"खराब असेल ते."

"जाडीचा हिरवा येतो."

"तिचं काय, तिला काय आहे?"

"आणि तुम्हाला काय आहे?"

सोडलेल्या नाड्या पुन्हा बांधायला लागले. मी म्हटलं, आता कुठे निघालात? कुठे नाही म्हणाले, आणि दुसऱ्या पायाच्याही बांधल्या. मी हलले नाही. मला येतं तेवढंच, समोर उभं राहणं.

मग बुटांकडे बघतच म्हणाले, "तू तिला फोन लावायचीस तेव्हा मी पेपर घेऊन शेजारी बसायचो."

"हो. आणि कंटाळल्यासारखं तोंड करायचात."

"ऐकायचो. तू विचारायचीस, म्हणून मला विचारावं लागायचं नाही." नाडीची गाठ आणखी घट्ट केली. "आता कोणीच विचारत नाही."

ठमे, मला आता आठवतंय. पेपरचं पान ते उलटायचेच नाहीत. मी तुला तीनदा फोन केला तर तिन्ही वेळा तेच पान, बाजारभावाचं. आपण काय विकतो की काय विकत घेतो बाजारभाव बघायला?

आणखी एक सांगते, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या कामावरच्या जोडीदाराला रस्त्यात गाठून मी काढून घेतलंय. लिफ्टच्या बोगद्यात उतरताना फोन वर ठेवून जायचा असा नियम आहे. वाजला आणि दचकून हात सुटला तर खाली काही नाही, नुसती पोकळी. इतकी वर्षं हे सगळ्यांना ओरडून सांगत आले. आणि आता स्वतः फोन शर्टाच्या खिशात घालून उतरतात. साहेबांनी दोनदा झापलं. तरी नेतात. तुझा आला तर, म्हणून.

तेव्हा माझं ऐक. मला फोन करू नकोस. मी उचलणार नाही, माझी शप्पथ. त्यांना कर. दिवसा करू नकोस, त्यांचे पाय जमिनीवर असतील तेव्हा कर. संध्याकाळी सहानंतर पायरीवर असतात. तिकडून काही विचारणार नाहीत ते, हे लक्षात ठेव. तूच सांगायचं.

तुझी आई

२७ फेब्रुवारी

ठमे,

केलास. मी त्या वेळी स्वयंपाकघरात होते आणि नळ पूर्ण सोडला होता, ऐकू येऊ नये म्हणून. बादली भरून वाहून गेली. दाराआडून नुसती पाठ दिसत होती, तरी थोडं ऐकू आलंच. हं म्हणाले, हं म्हणाले, बरं म्हणाले, मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं ठेवला. डोकावून बघितलं तर फोन कानालाच होता आणि दुसऱ्या हातात गोटा. कधी घेतला कोण जाणे.

पिवळा होता. आमच्या घरात पहिल्यांदा.

नळ बंद केला. "काय म्हणाली?"

"हलतंय म्हणाली."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. न विचारता कळलं, बघ. इतकी वर्षं मला वाटायचं विचारल्याशिवाय कोणी काही सांगत नाही.

"आणखी?"

"संध्याकाळी जास्त हलतं म्हणाली. उजवीकडे लाथ बसते."

"आणखी?"

"बाबा, तारीख जवळ आली की तुम्ही या, म्हणाली."

"आणि मी?"

"ते काही बोलली नाही."

"तुम्ही विचारलं नाही?"

"नाही."

एखाद्याला चादरीसारखं पिळून काढता आलं असतं तर मी त्यांना तिथेच पिळलं असतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि राहू दिलं.

तीन आठवडे संपत आले म्हणून काल दुकानात गेले. मधाळ बाईने पुन्हा पाणी दिलं. "काय मॅडम, फरक पडला?"

"माझा एकदाही हिरवा लागला नाही."

"अरे अरे. मग परत करताय?"

"नाही, घेतेय."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. म्हणाली, आमच्याकडे आता नवीन आलंय, मॅडम, त्यात दिवा लवकर बदलतो, लोकांना उत्साह येतो. मी म्हटलं, तेच नको. मला काय कळलं ते तिला सांगितलं, तुलाही सांगते, कोणी विचारलं तर सांगायला उपयोगी पडेल. ज्यात पाखरं, वारा, गोड बोलणारी बाई आहे, ते घेऊ नये. ज्याला फोन लागतो ते घेऊ नये. जे लगेच हिरवं होतं ते तर मुळीच घेऊ नये, ते तोंडावर गोड बोलणारं यंत्र आहे. जो बोलत नाही त्याच्या हातात देऊन बघावं. त्याचं खरं दाखवलं तर घ्यावं. हा गोटा कोणाला शांत करतो असं मला काही वाटत नाही. पण आमच्या घरात कोणीतरी खरं सांगणारं हवं होतं.

ती म्हणाली, मॅडम, हे मी लिहून घेऊ का? मी म्हटलं, नको, मग विकलं जाणार नाही.

आता ते रोज पायरीवर तो धरून बसतात. मी शेजारी बसते. बोलत नाही आम्ही. मी बोलत नाही, म्हणजे बघ. कधी पिवळा होतो, बहुतेक वेळा लाल. फोन आता वर ठेवून उतरतात, जोडीदाराकडून पक्कं करून घेतलंय.

मी येत नाही. तू बोलावलेलं नाहीस आणि मला हिरवा लागलेला नाही. दोन्हीपैकी एक झालं असतं तर आले असते. त्यांच्यासोबत डबा देईन, तुला आवडतं ते सगळं.

तुझी आई

४ मार्च, तुझ्या दवाखान्यात, बाकावर

ठमे,

कागद नव्हता. हा गोट्याच्या डब्यातला माहितीचा कागद आहे, मागून कोरा. पुढून वाचलास तर बॅटरीबद्दल आहे.

सकाळी जावयांचा फोन आला. डॉक्टर म्हणतात थांबण्यात अर्थ नाही, बाळाचं वजन वाढत नाहीये, आजच. तुझ्या बाबांनी ऐकलं, फोन ठेवला, पिशवी भरायला लागले. पिशवीत पान्हा, पकड आणि तेलाची बाटली भरली. मी ती काढली आणि कपडे भरले. मग मी माझे पण भरले. कोणी काही म्हणालं नाही.

तर मी आलेय. बोलावलं नव्हतंस. आत येणार नाही. आत एकालाच सोडतात, आणि ते जावई आहेत. तू दाराच्या पलीकडे आहेस. दाराला गोल काच आहे, पण त्यावर आतून कागद लावलाय. ज्याने लावला त्याला मी बघून घेईन.

मी बसलेय. बसलेय म्हणजे खरंच बसलेय. नर्स दोनदा गेली, तिचे बूट चूं चूं वाजतात. मी तिला एकदाही अडवलं नाही. तुझे बाबा बघतच राहिले माझ्याकडे. मघाशी या दवाखान्याची लिफ्ट आली, तिचा आवाज ऐकून म्हणाले, हिला तेल हवंय. मी म्हटलं, बाटली घरी राहिली. "तूच काढलीस," म्हणाले. इतकं बोलणं झालं.

गोटा त्यांच्याकडे आहे. मघाशी माझ्याकडे दिला होता, मी परत दिला. माझा कुठला दिवा लागतो ते मला बघायचं नाही आज. मी लिहितेय तेच बरं. लिहिताना हात दुसरीकडे जात नाही.

आतून आवाज येतो तो तुझा आहे का कोणा दुसरीचा, ते कळत नाही. तुझा असेल तर ओरड. मी काही म्हणणार नाही. तुझ्या वेळी मी इतकी ओरडले होते की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी तुम्ही जन्माला या.

ठमे, मी इतकी पत्रं लिहिली, एकदाही विचारलं नाही. कागद संपत आलाय. आता विचारते. एकदाच. हलतंय ना?

ती चूं चूंवाली पुन्हा आली. इकडेच बघतेय. कोणाला

मी बाबा लिहितोय. पेन आणि कागद तुझी आई माझ्या हातात कोंबून गेली.

नर्स म्हणाली, पेशंट आईला आत बोलावतेय. जावई बाहेर आले. नर्सने निरोप दिला की दिवा लाल असला तरी चालेल. तिने मला विचारलं, कुठला दिवा. मी मूठ मिटलेलीच ठेवली. तुझ्या आईची एक चप्पल बाकाखाली राहिलीय, मी ती उचलून ठेवली आहे.

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. काय लिहितात ते माहीत नाही. गोटा लाल आहे. पहिल्यांदा धरला तेव्हाही लालच होता. मला भीती वाटते.

दार बंद आहे आणि मी बाहेर आहे. रोजचंच काम आहे माझं, पण आज आवाज फुटत नाही. म्हणून लिहून दाराच्या फटीतून आत सरकवतोय. आई वाचून दाखवेल.

आत कोण कोण आहे ते सांग.

बाबा